गुडघ्यावरचा सूर

"माझा सूर बरोबर असताना माफी मीच का मागायची, सर?"

हे दारातूनच विचारत चारुहास गुप्ते आत आला. चपला काढायचंही त्याला भान नव्हतं.

सिप्रियानो सर गॅलरीत बसून चाकूने ओबोची पत्ती तासत होते. ओबो म्हणजे आपल्या सनईचा विलायती चुलतभाऊ. त्याची फुंकायची पत्ती ज्याची त्यानेच घडवायची असते. सर चौतीस वर्षं मुंबईतल्या एका मोठ्या वाद्यवृंदाचे पहिले ओबोवादक होते. देशातले बरेचसे ओबोवाले त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. आता त्यांच्या खुर्चीवर चारुहास बसला होता. बसून आठच दिवस झाले होते.

"चपला," सर म्हणाले.

त्याने चपला काढल्या.

"हं, आता सांग."

"काल तालीम होती. सुरुवातीचा सूर मी दिला. साठ माणसांनी आपापली वाद्यं माझ्या सुराला जुळवून घेतली. मग पियानोवाल्या बाईंनी वाजवायला सुरुवात केली, आणि..."

"आणि?"

"पियानो एकीकडे, आम्ही साठ जण दुसरीकडे. संचालक सगळ्यांसमोर म्हणाले, बाईंची माफी माग, नाहीतर रविवारच्या कार्यक्रमाला येऊ नकोस."

"पियानो ऐनवेळी जुळवता येत नाही रे. सूर आधी त्याच्याकडून घ्यायचा असतो."

"मी पहिला ओबोवादक, सर. मी पियानोला का विचारू? आणि मी अगदी तुमच्यासारखाच दिला होता सूर. गुडघ्यावर हात आपटून."

हे गुडघ्याचं प्रकरण सांगायला हवं. सूर देण्याआधी सर उजवी मूठ गुडघ्यावर आपटत, कानाशी नेत आणि मग फुंकत. शिष्यांना वाटे, सर देवाचं नाव घेतात. सगळ्यांनी ते भक्तिभावाने उचललं. दिल्लीचा शिष्य दोन्ही गुडघ्यांवर आपटतो. कोलकात्याचा तीनदा आपटतो. एकाला संधिवात झाला, तर तो शेजारच्याचा गुडघा वापरतो.

सरांनी चाकू खाली ठेवला.

"मुठीत काय होतं तुझ्या?"

"काही नाही... मूठच."

सरांनी खिशातून बोटाएवढा नादकाटा काढला, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा, आपटला की एकच ठरलेला सूर देणारा. मुठीत धरून गुडघ्यावर आपटला आणि कानाशी नेला.

चारुहास बघतच राहिला.

"इतक्या वर्षांत हे कुणाला सांगितलं नाहीत, सर?"

"कुणी विचारलं नाही."

...

"वाजव," सर म्हणाले.

चारुहासने ओबो काढला आणि कालचाच सूर लावला. सरांनी नादकाटा पुन्हा आपटून त्याच्या कानाशी धरला. दोन्ही सूर तंतोतंत एक होते. पोराचा चेहरा खुलला.

"बघा. मी बरोबर होतो."

"अगदी बरोबर होतास."

"मग चूक पियानोची. जुना झालाय तो, सूर उतरलाय त्याचा."

"उतरलाय खरा. जुळवणारा माणूस आता पुढच्या महिन्यात येईल."

सरांनी नादकाटा मुठीत धरला.

"पियानो असायचा त्या दिवशी मी गुडघ्यावर मूठ आपटायचो का रे?"

चारुहास आठवू लागला. सात वर्षं तो सरांच्या शेजारी दुसरा ओबो वाजवायला बसला होता. पण त्याचं लक्ष सगळं गुडघ्याकडेच.

"नाही आठवत, सर."

"उठून बाईंपाशी जायचो. सूर मागायचो."

...

चारुहासने मान खाली घातली.

"मला ती खुर्ची हवी आहे, सर. सात वर्षं तिच्याच आशेवर काढली मी. जाईन बाईंकडे. माफी मागेन, सूरही मागेन. पण माझा सूर बरोबर आहे. त्याचं मी काय करू?"

सरांनी नादकाटा खिशात टाकला, पत्ती उचलली आणि पुन्हा तासायला घेतली.

"रविवारी तो सूर घरी ठेवून जा."