पाणखडकाची रेव

फोटो नंतर काढा. आधी पाण्यातून वर आलेली ही रेवेची वाट नीट बघून घ्या. आमच्या पाणखडक बेटापासून ती समोरच्या शिवणखोलपर्यंत जाते. पावसाळ्यात समुद्र इथली सगळी रेव ओढून नेतो आणि थंडी पडली की थोडी थोडी परत आणून टाकतो. पौषातल्या अमावास्येला, जशी आज आहे, सुकतीच्या म्हणजे ओहोटीच्या वेळी, बेटावरच्या सासवा मासळीच्या पाट्यांनी या वाटेवर रेव ओततात. कशासाठी, ते सांगतो.

फार पूर्वी इथे म्हणे सुनेला आणायला होडी होती, माहेरी न्यायला नव्हती. तिला पोचवणाऱ्या होडीला मासळी लागत नाही, असा आमच्या शहाण्यांचा समज. जायचंच तर रेव जुळल्यावर चालत जावं. आणि रेव पुरती कधी जुळतच नसे.

शेवंती शिवणखोलची. रोज सकाळी ती पाण्याच्या कडेला काठी रोवून रेव किती पुढे सरकली ते बघायची. माहेरच्या चुलीचा धूर इथून दिसायचा. पोरीचा जीव नुसता कोंडून जायचा. दोन हिवाळे असेच गेले. आषाढात समुद्राने काठ्यांसकट सगळं नेलं. तिसऱ्या पौषात आई अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला. अमावास्येला रेव पुढे आली, पण मध्ये दहा-बारा हात रुंदीचं खोल पाणी उरलंच, आणि त्याला ओढ भयंकर. भरती लागायला फार वेळ नव्हता. शेवंतीने तिथेच काठी रोवली.

तिची सासू दुर्पाबाय महाखाष्ट. ही आता सुनेला फरफटत घरी नेणार, असंच सगळ्यांना वाटलं. ती आली ती डोक्यावर रेवेची पाटी घेऊन. पाटी पाण्यात रिकामी केली आणि बायकांवर ओरडली, "बघतास काय गो? पाटये घेवन येवा!"

बायका धावल्या. पुरुष बघत राहिले. गुडघाभर पाण्याची वाट झाली तशी शेवंती पळत सुटली. पलीकडे पोचून वळून बघते, तर सासू मागोमाग आलेली.

"तुमी खंय जातास?"

"माझ्या म्हायराक," दुर्पाबाय म्हणाली. "तीस वर्सां झाली."

शेवंतीला आई भेटली. दुर्पाबायच्या माहेरी मात्र कोणीच उरलं नव्हतं, असं सांगतात. घराच्या पडक्या चौथऱ्यावर ती बसून राहिली. भरतीने परतीची वाट बुडाली तरी उठली नाही.

आता होड्या कोणालाही नेतात. पण आजही या दिवशी वाटेवर पहिलं पाऊल म्हाताऱ्यांचं, माहेर उरलेलं असो वा नसो. माझी बायको सकाळीच गेली. कधी परतणार, हे आज बेटावर कोणी कुठल्या बाईला विचारत नाही.