पुलाखाली सापडलेला टोप

जर्मन देशात नदीकाठी एक लहानसं गाव होतं. तिथले शिपाई त्या काळी कातडी शिरस्त्राण घालून लढायला जात. काळं कडक कातडं, पुढे गरुडाचा पितळी बिल्ला आणि माथ्यावर भाल्यासारखं पितळी टोक. गावातली माणसं त्याला नुसतं टोप म्हणत.

पुलावरची मोठी लढाई होऊन चाळीस वर्षं झाली, तसा या टोपांना मान चढला. ज्याच्या घरी खरा टोप, ते घर शूराचं. मग नकली टोपही निघाले. कोणी नवं कातडं चहाच्या पाण्यात बुडवून जुनं करी, कोणी बिल्ला मातीत पुरून काळा करी.

त्या गावात एक म्हातारा पारखी राहत असे. टोप हातात आला की तो आधी आतला वास घेई, मग शिवण पाही आणि शेवटी बिल्ल्याची मागची बाजू. खरा बिल्ला पातळ पत्रा ठोकून केलेला असतो, म्हणून पुढे उठलेला गरुड मागे खोल गेलेला दिसतो. नकली बिल्ला ओतीव असतो, मागून सपाट. पारख्याच्या शब्दावर गाव डोळे मिटून विश्वास ठेवी. खोटा ठरलेला टोप त्याच दिवशी मोडायचा आणि त्याचं पितळ वितळवायचं, हा नियमही त्यानेच पंचांकडून करवून घेतला होता.

गावच्या सभागृहात काचेच्या कपाटात एक टोप ठेवलेला होता. तो नगराध्यक्षाच्या वडिलांचा. पुलावर शेवटपर्यंत लढले म्हणून, या टोपाच्याच पुराव्यावर, त्यांचं नाव बाहेरच्या दगडावर कोरलं होतं. टोप खरा असल्याचा दाखला पारख्यानेच दिला होता. त्या दिवशी गावात उत्सव होता, सगळे घाईत होते, आणि त्याने टोप काचेबाहेरूनच पाहिला होता. ही गोष्ट त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती.

एका वर्षी नदी आटली. पुलाच्या खांबाशी चिखल उपसताना मजुरांना एक टोप मिळाला. आत चांभाराच्या आरीने टोचून एक नाव लिहिलेलं होतं. ते गावातल्या एका विणकर बाईच्या बापाचं होतं. तो जोडे शिवणारा माणूस होता. लढाईतून तो परतला नाही, तेव्हा लोक म्हणाले, तो पुलावर पोहोचलाच नाही, आधीच पळाला. त्याची बायको ते ऐकत ऐकतच मेली. मुलगी तेव्हा पाळण्यात होती, आता तिचे केस पिकायला लागले होते.

ती टोप ओढणीत गुंडाळून पारख्याकडे घेऊन आली. पारख्याने तो उलटसुलट केला. शिवण हाताची होती. गरुड मागे खोल गेला होता. टोप खरा होता, त्याने आजवर पाहिलेल्या कुठल्याही टोपाइतका खरा. त्याचा चेहरा उजळला.

त्याने निकाल सांगण्याआधीच गोष्ट पंचांपुढे गेली. पंच म्हणाले, कपाटातला आणि हा, दोन्ही टोप एकाच पलटणीचे, तेव्हा शेजारी ठेवून ताडून पाहा. खुणा जुळल्या तर बाईच्या बापाचं नाव दगडावर कोरू. पारख्याने पहिल्यांदाच कपाटातला टोप हातात घेतला आणि बिल्ल्यामागे बोट फिरवलं. मागून तो सपाट होता. खुणा जुळत नव्हत्या. दोहोंतला एक खोटा होता आणि कोणता, हे त्याला कळून चुकलं.

समोर नगराध्यक्ष बसला होता. भिंतीवर पारख्याच्या सहीचा दाखला टांगलेला होता. खरं बोलावं तर गेली कित्येक वर्षं दिलेला प्रत्येक दाखला लोक परत तपासायला काढतील, असं त्याच्या मनात आलं. मग तो हळूच म्हणाला, "बाईंचा टोप नकली आहे."

बाई रडली नाही. ती म्हणाली, "काका, टोप हातात घेतलात तेव्हा मी तुमचा चेहरा पाहत होते."

नियमाप्रमाणे त्याच दुपारी कातडं भट्टीत गेलं आणि पितळ वितळलं.

मग बाईचे हाल सुरू झाले. आधी पळपुट्याची लेक होती, आता लबाडही ठरली. तिला कोणी सूत देईना, तिचं कापड कोणी घेईना. हिवाळ्याआधी ती गाव सोडून पलीकडच्या खेड्यात राहायला गेली. इकडे पारख्याला अन्न गोड लागेना. लोक टोप घेऊन येत आणि तो नुसता बघत बसे. शेवटी वर्षभराने तो पंचांपुढे उभा राहिला आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

पंचांनी कपाट उघडलं. बिल्ला मागून सपाटच होता. नगराध्यक्षाच्या वडिलांचं नाव दगडावरून खरवडून काढलं गेलं. पारख्याने विचारलं, "आणि बाईच्या बापाचं नाव?"

"त्याला पुरावा काय?" पंचांनी विचारलं.

"माझा शब्द आहे."

सगळ्यात वयस्क पंच म्हणाला, "तुमच्या शब्दावरच तर आम्ही तो टोप वितळवला."

पारखी बर्फातून चालत पलीकडच्या खेड्यात गेला. बाई मागावर बसली होती. त्याने घडलेलं सांगितलं, माफी मागितली. तिने हातातला धोटा थांबवला नाही, विणतच राहिली.

"टोप खरा होता हे मला ठाऊकच होतं," ती म्हणाली. "ते तुम्ही मला सांगायचं नव्हतं, काका. गावाला सांगायचं होतं, तो टोप असताना."

पारखी आल्या वाटेने परत गेला. त्यानंतर त्याने एकही टोप हातात घेतला नाही. गावातल्या दगडावर खरवडलेली जागा तशीच राहिली. तिथे कोणाचंच नाव नाही.

या गोष्टीचं तात्पर्य: आपली चूक झाकण्यासाठी खऱ्याला खोटं म्हणू नये. पुढे खरं बोलायचं धैर्य आलं, तरी तोवर त्या खऱ्याचा पुरावा आपणच जाळून टाकलेला असतो.