खापरीवरचा विस्तव

“...मग माझे कान कधी फाडणार, महाराज?”

धुंडिनाथ धुनीत लाकूड सारत होते. टेकडीवरचा तो मठ नाथजोग्यांचा. गुरूनं कान फाडून कुंडलं घातली की शिष्य जोगी झाला. रेवण घरदार सोडून आला होता तो त्यासाठीच, आणि त्याच्या मते तो आता पुरता तयार होता.

पहाटेचं ध्यान कसं लागलं, ते तो रंगवून सांगू लागला. देह विरला, श्वास तेवढा उरला, सगळीकडे निळसर उजेड...

“तेव्हा कोणी आलं होतं?”

“वाडीतली द्वारकाबाई.”

त्या काळी वाडीतली चूल विझली की बाया मठात येत आणि धुनीतला विस्तव खापरीवर घालून नेत. धुनीला हात मात्र मठातल्या माणसानंच लावायचा, अशी रीत होती.

“काय म्हणाली?”

“सून रात्री बाळंत झालीय, चूल विझलीय, लेकरू गार पडतंय म्हणाली. पुन्हा पुन्हा हाका मारल्या तिनं. सगळं ऐकू येत होतं, महाराज, पण मी डोळे उघडले नाहीत. मन हललंसुद्धा नाही.”

हे तो अभिमानानं सांगत होता. ही गोष्ट सांगताना मला अजून त्याचा राग येतो.



महाराजांनी खापरीवर निखारे घेतले आणि ती रेवणच्या हातात दिली.

बाहेर दाट धुकं होतं. पायाखाली वाट आहे की ढग, तेही कळेना. दिसत होते ते फक्त हातातले लाल निखारे. ते काळवंडले की रेवण थांबून फुंकर घाली, फुलले की पुढे चाले.

द्वारकाबाईनं एका शब्दानं त्याला बोल लावला नाही. चूल पेटेपर्यंत तो धुरात फुंकत बसला. पाणी तापलं, घर ऊबदार झालं. बराच वेळ आतून काहीच आवाज येईना... आणि मग लेकरू रडलं.

तो परतला तेव्हा धुकं विरत होतं.

“लेकरू रडलं, महाराज,” तो म्हणाला, आणि स्वतःच रडू लागला. थोड्या वेळानं खालमानेनं म्हणाला, “पण आज जप राहिला. वाटेत ना श्वास आठवला, ना मी.”

महाराज हसले.

तेवढ्यात त्याचं धुनीकडे लक्ष गेलं. पिढ्यान्‌पिढ्या जळत आलेल्या धुनीत ओली राख होती. शेजारी रिकामा तांब्या.

“धुनी कोणी विझवली?”

“मी.”



महाराजांनी त्याच्या हातातली खापरी झटकली, पुसली आणि परत त्याच्याच हातात ठेवली.

“जा, द्वारकाबाईकडून विस्तव मागून आण,” ते म्हणाले. “एकच हाक मार... ती येईल.”