घरटी हातभर लाल दोरा

“…मग बुवा, उद्या ग्रामसभेत ‘पाणी स्वच्छ आहे’ एवढं एक वाक्य बोलाल ना?”

दामूबुवा मठीच्या ओसरीवर सुताची लडी उकलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

हेरंबनं काचेची बाटली त्यांच्यापुढे ठेवली. आतलं पाणी इतकं नितळ होतं की पलीकडची पायरी दिसत होती. चेहऱ्यावरचं समाधान त्याला लपवता येत नव्हतं, आणि लपवायचंही नव्हतं.

शहराचा कचरा वीस वर्षं खडकवाडीच्या माथ्यावर येऊन पडत होता. त्यातून झिरपणारं काळं, उग्र पाणी खालच्या तळ्यात साचायचं. गाव त्याला काळपाणी म्हणे. ते साफ करणारं नवं यंत्र आता उभं राहिलं होतं, आणि त्याचा इंजिनिअर याच गावचा हेरंब होता.

साफ केलेलं पाणी ओढ्यात सोडायला गाव तयार नव्हतं. पूर्वी असंच कुणीतरी ‘पाणी स्वच्छ आहे’ म्हणून सांगून गेलं होतं. त्या साली ओढ्यातले मासे उलटे झाले आणि चार म्हशी गाभडल्या. दुधानं तोंड पोळलेलं गाव आता ताकही फुंकून पीत होतं.

पण तळं काठोकाठ भरलं होतं आणि मे महिना संपत आला होता. पावसाआधी ते उपसलं नाही, तर काळपाणी आपल्या पायानं ओढ्यात उतरणार होतं. हेरंबची घाई खोटी नव्हती.

गाव ऐकणार होतं ते एकट्या दामूबुवांचं. बुवा जातिवंत रंगारी. उतारवयात रंगाच्या हंड्या विकून ओढ्याकाठच्या मठीत येऊन राहिलेले. कॉलेजच्या सुट्ट्यांत हेरंबनं त्यांच्याच हंड्या ढवळल्या होत्या. रसायनशास्त्र मी तिथं शिकलो, असं तो चारचौघांत सांगायचा.

“धुतलंस कशानं?” बुवांनी विचारलं.

हेरंब याच प्रश्नाची वाट बघत होता. आधी पाणी आंबट करायचं, मग त्यात लोखंडाचा क्षार, म्हणजे हिराकस टाकायचा, मग पेरॉक्साइड. ते दोघं मिळून मळाला अक्षरशः जाळतात, आगीवाचून. शेवटी चुना, म्हणजे गाळ खाली बसतो. त्यानं सगळं साग्रसंगीत सांगितलं. बुवा एका शब्दाशी थांबले.

“हिराकस?”

“हो. तुमचाच.”

“आमी त्यानं पांढऱ्याचं काळं करायचो.”

“मी काळ्याचं पांढरं केलं.”

हे वाक्य त्यानं सकाळपासून तयार ठेवलं असावं.



“हातच्या कांकणाला आरसा कशाला, बुवा? समोर तर आहे. म्हणत असाल तर पिऊन दाखवतो.” त्यानं बूच काढलंसुद्धा.

बुवांनी बाटलीच्या तोंडावर तळहात ठेवला. मग लडीतून हातभर लाल दोरा तोडला, पाण्यात सोडला आणि बाटली उन्हातल्या पायरीवर ठेवली.

“च्या घे,” ते म्हणाले.

चहा झाला. बुवांनी त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. हेरंब हो-नाही करत होता, पण डोळे पायरीवर होते. तो दोरा त्यानं कुठंतरी पाहिला होता…

आणि मग त्याला आठवलं.

सूत रंगवण्याआधी उजळून पांढरं करायचं, आणि उजळलं की धूत राहायचं. उजळणारं औषध सुतात उरलंय का ते बघायला शेवटच्या धुण्याच्या पाण्यात बुवा लाल दोरा टाकून ठेवत. तो लाल राहिला तरच रंगाच्या हंडीला हात लावायचा, नाहीतर पुन्हा धुवायचं. एकदा हेरंबनं घाईनं दोऱ्यावाचूनच सूत रंगात घातलं होतं. लुगडी झाली देखणी. सहा महिन्यांत काठ विरले आणि सगळी परत आली. बुवा तेव्हाही रागावले नव्हते. हेरंबला त्याचंच जास्त लागलं होतं.

इतकं लागलेलं आपण विसरलो कसे, हे त्याला कळेना. त्याला स्वतःची लाज वाटली.

दोरा गुलाबी झाला. मग पांढुरका.

“पण मळ तर गेलाय, बुवा…”

“गेला.”

“मग?”

“मळाला खाणारं अजून उपाशी हाय.”



“रंग लवकर उडावा म्हणून पेरॉक्साइडचं औषध जास्त घातलं,” हेरंब शेवटी म्हणाला. “उद्या सभेत बाटली दाखवायची होती.”

बुवांनी सुताची लडी पुन्हा हातात घेतली.

सभा हेरंबनंच आठ दिवस पुढं ढकलली. औषध कमी केलं, पाणी टाकीत मुरू दिलं. सातव्या दिवशी सकाळी तो पुन्हा मठीत आला. या वेळचं पाणी तितकं देखणं नव्हतं, ताकाच्या निवळीसारखी त्यावर पिवळट झाक होती. दोरा त्यानं स्वतःच मागून घेतला, स्वतःच सोडला आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत पायरीशी बसून राहिला.

दोरा लाल होता.

 हेरंबनंच तोंड उघडलं.

“बुवा, दोऱ्याला कचऱ्यातला अमोनिया कळत नाही. तो या पाण्यात अजून आहे, माशांना मारायला तेवढाही पुरे. म्हणून हे ओढ्यात सोडायचं नाही. गावानं गायरानात टाक्या ठेवू दिल्या तर तिथं साठवू, तळं तरी रिकामं होईल. अमोनियाचा बंदोबस्त झाला की पुढचं बघू.”

“हे मागल्या खेपेला न्हाई बोललास.”

“नाही.”

बुवा पहिल्यांदाच हसले.

“उद्या सभा आहे,” हेरंब म्हणाला. “मी बोललो तर लोक शंका काढतील. तुम्ही नुसतं हो म्हणालात तरी गाव ऐकेल. याल ना?”

बुवा उठून आत गेले. बाहेर आले ते लाल दोऱ्याचं अख्खं रीळ घेऊन. ते त्यांनी हेरंबच्या हातावर ठेवलं.

“मी कशाला? ज्याला त्याला बघू दे. घरटी हातभर तोडून दे.”