सज्जनांपुरते पाणी

एका जंगलात एका उन्हाळ्यात एकच डोह उरला. बाकीचे पाणवठे कधीच आटले होते आणि नदीच्या पात्रात पांढऱ्या गोट्यांखेरीज काही दिसत नव्हते. मुलांनो, पाणी भरपूर असते तेव्हा चांगला कोण आणि वाईट कोण, याची चौकशी कोणी करीत नाही. ते कमी पडू लागले की लगेच करतात. या जंगलातही सभा भरली आणि 'यापुढे डोहाचे पाणी फक्त सज्जनांना मिळेल' असा ठराव झाला. तो एकमताने मंजूर झाला, कारण हात वर करताना प्रत्येकाने सज्जन म्हणजे कोण हे आपल्यापुरते मनात ठरवून टाकले होते.

सज्जन ओळखण्यासाठी चौघांची समिती नेमली. अध्यक्ष कासव. ते जंगलात सर्वांत वयस्कर होते आणि बैठकीच्या वेळीही पाण्यातच बसत असे. मागच्या जन्मी करावे तसे या जन्मी भरावे आणि दुसऱ्याच्या भोगात ढवळाढवळ करू नये, हे त्याच्या मते सज्जनाचे लक्षण होते. टिटवी पाय वर करून झोपत असे. तिच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या पाय लावून धरले नसते, तर आकाश केव्हाच खाली आले असते, अशी तिची खात्री होती. कुशीवर झोपणाऱ्यांना ती बेजबाबदार म्हणे. घुबडाचा मागच्या जन्मावर विश्वास नव्हता आणि आकाश पडण्यावरही नव्हता. स्वतःच्या डोळ्यांना दिसेल तेवढेच खरे, असे ते ठासून सांगे. बैठका दिवसा भरत आणि दिवसा त्याला काही दिसत नसे, ही गोष्ट वेगळी. चौथी होती मुंगी. 'काम करील तो सज्जन' एवढेच तिचे म्हणणे होते. ते एका वाक्यात संपत असल्यामुळे बैठकीत तिचे नाव शेवटी घेतले जाई.

डोहाच्या वाटेवर दोन रानकुत्रे उभे केले. त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. पण समिती 'नाही' म्हणाली की ते दात दाखवत आणि या सेवेबद्दल त्यांना सर्वांच्या आधी पाणी मिळे.

पहिल्याच दिवशी गवा आला. तो सज्जन आहे की नाही हे त्याला विचारायला समितीतले कोणी पुढे झाले नाही, तेव्हा तो सज्जनच ठरला. पोटभर पाणी पिऊन तो डोहातच बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक खवले मांजर आले. ते या बाजूला पूर्वी कोणी पाहिलेले नव्हते. वणव्याने त्याचे खवले काळे पडले होते आणि शेपटीवर एक पिल्लू घट्ट चिकटून बसले होते. ही त्या पिल्लाची आई होती.

"काय गं, तू कोण?" टिटवीने विचारले. "अंगावर खवले आहेत, म्हणजे मासा. मग चालतेस कशी?"

"मी खवले मांजर, ताई. पलीकडच्या डोंगराला वणवा लागला. दोन दिवस चालतेय. मला नसलं तरी चालेल, लेकराला दोन घोट द्या."

"मांजर म्हणे! मिशा तरी आहेत का?" टिटवी घुबडाच्या कानात पुटपुटली.

कासवाने मान बाहेर काढली. "बाई, तहान उगीच लागत नाही. मागच्या जन्मी कोणाचं तरी पाणी तोडलं असशील."

"असेल, आजोबा. पण ह्यानं कोणाचं तोडलं? हे तर आत्ता जन्मलंय."

"म्हणूनच. त्याचा मागचा जन्म अजून ताजा आहे."

"झोपतेस कशी, ते सांग," टिटवी म्हणाली.

"अंगाची गुंडाळी करून. लेकराला पोटाशी घेऊन."

"म्हणजे आकाश आमच्या जिवावर!"

घुबडाने घसा साफ केला. "हे सगळं सोडा. मी अडाणी नाही. तू सज्जन आहेस हे दाखव, मला दिसलं की मी मान्य करीन."

"काय दाखवू, घुबडदादा?"

"तेही मला दिसत नाहीये."

शेवटी मुंगीची पाळी आली. तिने एकच प्रश्न विचारला, "बाई, तुम्ही खाता काय?"

आईने मागे वळून पिल्लाकडे पाहिले. पाला म्हणाली असती तरी चालले असते. खरेखोटे करायला तिथे कोणी नव्हते. पिल्लाने शेपटीवरून मान उचलली आणि पाण्याकडे पाहून पुन्हा टाकली.

"मुंग्या," आई म्हणाली. "मिळाली तर वाळवी. पण जास्त करून मुंग्याच."

"मग नाही," मुंगी म्हणाली. पाहुणी काम करते का, हे विचारायचे ती विसरली. भीती वाटली की आपले मत काय होते याची आठवण राहत नाही. बाकीच्या तिघांना मात्र कसलीही भीती नव्हती; त्यांनी केवळ तत्त्वासाठी 'नाही' म्हटले. रानकुत्र्यांनी दात दाखवले आणि आई मागे फिरली.

ती फार लांब गेली नाही. नदीच्या कोरड्या पात्रात, एका वळणावर तिने जमीन हुंगली आणि नखांनी उकरायला सुरुवात केली. काठावरच्या दगडावरून मुंगी पाहत होती. आपल्या वारुळाकडे ही किती वाजता येते, एवढेच तिला पाहायचे होते. आई आलीच नाही. ती दुपारभर उकरत राहिली. गोटे निघाले, मग वाळू, मग पुन्हा गोटे. दुसऱ्या दिवशी उन्हे वर आली तेव्हा तिची दोन नखे तुटली होती आणि खड्ड्यात फक्त शेपटीचे टोक दिसत होते. तिसऱ्या सकाळी वाळू ओली झाली आणि तळाशी ओंजळभर पाणी झिरपले. आईने पिल्लाला तोंडात धरून खाली उतरवले. पिल्लाने ते सगळे पाणी पिऊन टाकले. झिरा पुन्हा भरायला वेळ लागणार होता. तेवढा वेळ बसावे म्हणून आई पिल्लाला घेऊन वर येऊन टेकली, ती कलंडली आणि पुन्हा उठली नाही. खाली पाणी भरत राहिले.

इकडे गव्याने डोहाचा चिखल केला. पाणी संपल्यावर तो सज्जन दुसऱ्या जंगलात निघून गेला. मग झिऱ्याचा वास लागून सगळे पात्रात जमले. आधी रानकुत्रे प्याले, मग समिती प्याली. पोटात पाणी गेल्यावर मेलेल्याबद्दल चार शब्द बोलावेत, असे सर्वांना वाटू लागले.

"पुण्यात्मा," कासव म्हणाले. "मागच्या जन्मी कोणाला तरी नक्कीच पाणी पाजलं असणार, त्याशिवाय हिच्या हातून झिरा निघाला नसता."

"अहो, नीट पाहा ना!" टिटवी ओरडली. आई पाठीवर पडली होती आणि तिचे चारही पाय वर झाले होते. "ही आमच्यातलीच! शेवटच्या क्षणी आकाश धरलंन् हिनं."

"पाणी डोळ्यांना दिसतंय, असं म्हणतात," घुबड म्हणाले. "तेव्हा माझीही हरकत नाही. ती सज्जन होती."

कोणाला सज्जन म्हणण्यावर तिघांचे एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. मुंगीचे मत राहिले होते, म्हणून कासवाने विचारले, "काय मुंगीबाई, तुमचं काय म्हणणं?"

"ती मुंग्या खायची," मुंगी म्हणाली. "तिला खोटं सांगता आलं असतं, पण तिनं खरं सांगितलं. आणि दोन दिवस तिनं काम केलं, ते मी बसून पाहिलं. माझ्याच मताप्रमाणे तिला पाणी मिळायला हवं होतं. मी 'नाही' म्हणाले."

"जाऊ द्या, झालं ते झालं," कासव समजुतीने म्हणाले.

तेवढ्यात पिल्लू आईच्या कुशीतून बाहेर आले आणि झिऱ्याकडे सरकू लागले. रानकुत्र्यांनी वाट अडवली. ठराव अजून रद्द झालेला नव्हता.

"थांब रे बाळा," टिटवी म्हणाली. "तुझी आई सज्जन होती, हे आम्ही मान्य केलंय. पण तू?"

"सज्जनपणा काही वारशानं येत नसतो," घुबड म्हणाले. ते खरेही होते.

पिल्लाला यातले काही कळले नाही. ते पाण्याकडे पाहत होते.

"मुलगा कोणाचा, झोपतो कसा, ते मला ठाऊक नाही," मुंगी म्हणाली. "तो तहानलाय. एवढं मला दिवसासुद्धा दिसतं."

"मुंगीबाई, तो मोठा झाल्यावर कोणाला खाणार, याचा विचार केलात का?" कासवाने विचारले.

"मोठा कशाला, आजच खाईल," मुंगी म्हणाली आणि वारुळाकडे गेली. परत आली तेव्हा तिच्यामागे काळी रांग होती. मुंग्या रानकुत्र्यांच्या पायांवर चढल्या, नाकात शिरल्या, पापण्यांना डसल्या. कशावरच विश्वास नसलेले ते दोघे कुई कुई करीत पात्रातून पळत सुटले. वाट मोकळी झाली. पिल्लू झिऱ्यात उतरले आणि पोट टम्म फुगेपर्यंत प्यायले.

तहान भागल्यावर त्याला भूक लागली. वर येऊन त्याने आईने शिकवल्याप्रमाणे जीभ बाहेर काढली. सर्वांत जवळ मुंगी उभी होती. तिने मागच्यांना "पळा" म्हणून सांगितले. स्वतःला पळायला वेळ मिळाला नाही.

"तरी मी म्हणत होतो," कासव म्हणाले. "मागच्या जन्मीचं कोणाला चुकत नाही."

"मी प्रत्यक्ष पाहिलं नाही," घुबड म्हणाले. "ऊन फार होतं."

टिटवीने मुंगीचे पाय वर होते का, याची चौकशी केली. पण पाहायला काही उरले नव्हते. तेव्हा मुंगीला सज्जन ठरवायचे की नाही, हा प्रश्न पुढच्या बैठकीवर टाकण्यात आला. तो अजून निकालात निघालेला नाही.

तात्पर्य : सज्जन कोणाला म्हणावे याबद्दल प्रत्येकाचे मत वेगळे असते आणि त्याने कोणाचे बिघडत नाही; पण ते मत स्वतःला महाग पडू लागल्यावरही जो पाळतो तो सज्जन, आणि असे समितीत फार दिवस टिकत नाहीत.