बावीस पायऱ्यांची पुरी

पदार्थांचे फोटो काढायच्या आमच्या स्टुडिओत घारपुरे साहेब सल्लागार म्हणून आले आणि माझं स्वयंपाकघर तळमजल्यावर हलवून मोकळे झाले. कॅमेरा मात्र वरच्या मजल्यावर. का, तर वर फोडणीचा वास नको! तेव्हापासून माझी टम्म फुगलेली पुरी बावीस पायऱ्या चढून जाईपर्यंत चपटी व्हायची. सतरावी पुरी बसली, तसे साहेब मालकिणीला म्हणाले, “आखणीत काडीची चूक नाही. बाईंचाच हात बिघडलाय. दुसरं कुणी बघा.”

चाळीस वर्षं पुऱ्या तळतेय मी! पदर खोचला आणि म्हटलं, “जाते की. पण साहेब, आधी इथं खाली गाल फुगवा आणि तसेच वर चला. वर पोचेपर्यंत टिकले, तर उद्यापासून मी येत नाही.”

मालकीण बघत होती, म्हणून त्यांना नाही म्हणता येईना. गाल फुगवून, पोट सावरत निघाले. अकराव्या पायरीवर फुस्स! कठड्याला धरून धापा टाकायला लागले.

मी खालूनच विचारलं, “आता सांगा साहेब, तुम्हाला घडवताना आईचा हात बिघडला होता, की जिना लांब आहे?”

दुसऱ्या दिवशी माझी शेगडी कॅमेऱ्यापासून चार पावलांवर होती.