ठकूबाईंचं शेत चालत आलं

एक शेत भर दुपारी, साऱ्या गावादेखत, आपल्या जागेवरून उठलं आणि चालत चालत आपल्या जुन्या मालकिणीकडे गेलं. यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे आधीच कबूल. आजवर ही कथा जिथं जिथं सांगितली तिथं मंडळी हसलीच. तुम्हीही हसून घ्या. पण हसून झालं की हात जोडा, कारण त्या शेताच्या पुढे पाटीवाले महाराज चालत होते.

वडजळ गावाच्या खालच्या अंगाला ओढा आहे आणि ओढ्याकाठी एक जुना करंज आहे. त्या करंजाखाली महाराजांचा मुक्काम असे. खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. डोक्यावर सदा वेळूची पाटी, म्हणून पाटीवाले महाराज. वाटेत शेण दिसलं की पाटीत, पाला दिसला की पाटीत, लेंड्या दिसल्या की त्याही पाटीत. पाटी भरली की जे शेत जवळ असेल त्यात रिकामी करायची आणि पुढे चालायचं. परगावचे लोक मोठ्या आशेनं प्रसाद मागायला येत. महाराज मूठभर कुजका पाला हातावर ठेवत. शहाणी माणसं ओढ्यावर जाऊन हात धूत. भोळी माणसं तो घरी नेऊन परसात टाकत. भोळ्यांच्या घरची वांगी शहाण्यांच्या डोक्याएवढी होत, यात तिळभर खोटं नाही.

याच वडजळात हैबतराव मुळीक राहत. माणूस वाईट नव्हता, पण मान ताठ होती. थोरले भाऊ वारले तेव्हा जमिनीची वाटणी हैबतरावांनी स्वतःच केली. ओढ्याकाठची पुरुषभर खोल काळी जमीन स्वतःला ठेवली आणि वरचा माळ विधवा वहिनीला, म्हणजे ठकूबाईंना दिला. माळ कसला, मुरूमच तो! कुदळ मारली की ठिणगी उडायची.

ठकूबाई महाराजांकडे गेल्या. महाराजांनी मंत्र दिला नाही, माळ दिली नाही. स्वतःची जुनी पाटी दिली.

बारा वर्षं ती पाटी त्यांच्या डोक्यावरून उतरली नाही. उताराला आडवे दगड रचून त्यांनी ताली घातल्या, म्हणजे पावसाचं पाणी दमानं उतरावं आणि माती मागं राहावी. सुगी झाली की धनगरांच्या पाया पडून त्यांची मेंढरं रानात बसवली, त्याबद्दल घरातली ज्वारी दिली. काडीकचरा कधी पेटवला नाही. हैबतराव घोडीवरून जाताना लगाम ओढून विचारत, "काय वहिनी, आज महाराजांनी काय प्रसाद दिला? शेण का लेंड्या?"

"दोन्ही दिलं, भावजी," ठकूबाई म्हणत आणि पुढे चालू लागत.

बरोबरचे लोक हसत. हैबतरावही हसत. त्या हसण्याची पुढे त्यांना इतकी लाज वाटली, की म्हातारपणी त्यांच्यासमोर कुणी मोठ्यानं हसलं तरी ते उठून आत जात.

मग वडजळला पाट आला. काळीत ऊस उभा राहिला. हैबतरावांनी दिवस पाहिला नाही, रात्र पाहिली नाही, पाणी सोडलं ते सोडलंच. पाटकरी पाण्याचं दार बंद करायला आला की त्याला ओसरीवर बसवून गुळाचा चहा पाजत, तोवर इकडे आणखी दोन वाफे भरत. एकदा महाराज बांधावर थांबले.

"हैबतराव, पुरे करा आता. तिला श्वास घेऊ द्या."

"महाराज, पाणी पिऊन कुणी मेलंय का आजवर?"

महाराजांनी पाटी बांधाशी रिकामी केली आणि गेले.

चौथ्या वर्षी उसाचा मधला पट्टा पिवळा पडला. ऊस तुटून रान मोकळं झालं आणि एका सकाळी पाहतात तर काळीवर पांढरं! जणू कुणी पीठ चाळून गेलंय. बांगड्या विकणारी एक कासारीण बांधावरून चालली होती. तिनं खाली वाकून ते पांढरं बोटावर घेतलं आणि कपाळाला लावलं. "अगं बाई! शंभूदेवाची विभूती निघाली की रानात!" असं ओरडत ती गावात पळाली. सूर्य मावळायच्या आत अख्खं वडजळ नारळ घेऊन हजर.

हैबतरावांनी सकाळीच, कुणी नसताना, चिमूट जिभेवर ठेवून पाहिली होती. खारट. पाण्यानं खालचं मीठ वर ओढून आणलं होतं. सांगायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात पहिला नारळ फुटला. दुसरा फुटला. ज्यांनी कधी रामराम घातला नाही ते त्यांच्या रानापुढे आडवे पडू लागले. हैबतरावांनी तोंड मिटलं. एवढ्यावरच थांबते तर गोष्ट वेगळी झाली असती! पण ते करंजाकडे हात करून म्हणाले, "वहिनींचे महाराज प्रसाद मूठ मूठ देतात. आमच्या रानात विभूती गाडीभर निघते."

पुढच्या वर्षी त्या रानात काहीच उगवलं नाही. विभूती खाऊन बैल जगत नाहीत. हैबतरावांची नजर वर माळाकडे गेली. तिथं ठकूबाईंची ज्वारी उंटाच्या पाठीला लागेल अशी उभी होती. खालची माती हातात घेतली तर काळीभोर, ओलसर, चिवड्यासारखी मोकळी. गांडुळं तर अशी जाड, की परगावचा पाहुणा बिचारा साप समजून मागं सरायचा.

हैबतरावांनी पंचांना करंजाखाली बोलावलं. ताटात ती पांढरी विभूती घेतली आणि सगळ्यांसमोर बोलले, "विधवा बाईनं दगडात किती दिवस राबावं? माझं मन खातं मला. वहिनींनी देवाची काळी घ्यावी, माळ मी घेतो."

पंचांनी माना डोलावल्या. घरचा कर्ता पुरुष बोलला, त्यापुढे बाई काय बोलणार?

ठकूबाईंनी ताटातली चिमूट उचलली. सगळ्यांना वाटलं, कपाळाला लावतील. त्यांनी ती जिभेवर ठेवली आणि दिराकडे पाहिलं.

हैबतराव मनात म्हणाले, आता ही म्हणणार, 'मीठ आहे.' एका शब्दात सगळं उघडं पडणार. ते वाट पाहत राहिले. ठकूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि महाराजांकडे वळून एवढंच म्हणाल्या, "महाराज, बारा वर्षांची माती हाय ती."

महाराज म्हणाले, "दे, ठकू. जमीन दे. पाटी तेवढी कुणाला देऊ नकोस."

अदलाबदल झाली. दिराची अब्रू वहिनीनं पदराआड ठेवली. हैबतराव घरी आले खरे, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. आमटीत मीठ जास्त झालंय म्हणून बायकोवर ओरडले. बायकोनं चाखून पाहिली, तर आमटी अळणी होती.

ठकूबाईंनी खाली पांढऱ्या रानात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. वरच्या बाजूपासून ओढ्यापर्यंत कमरेएवढा चर खणला. त्यातून खारं पाणी पाझरत ओढ्याला जाऊ लागलं. महाराजांनी कुठून तरी धैंच्याचं बी आणलं. मिठातही तग धरणारं झाड ते. ते वाढवायचं आणि फुलावर आलं की जमिनीत गाडायचं. दोन वर्षं महाराज आणि ठकूबाई पाट्या वाहत होते. रान कुठं कुठं हिरवं दिसू लागलं, जसं आजारी माणसाच्या चेहऱ्यावर अधूनमधून हसू यावं. तेवढंच.

वर माळावर हैबतरावांचं पहिलं पीक डोळे दिपवणारं आलं. बारा वर्षांची साठवण होती, ती एका वर्षात फुलून आली. त्यांना वाटलं, हात माझा गुणी. तालींमुळे नांगर सारखा वळवावा लागतो, म्हणून त्यांनी सगळ्या ताली मोडल्या आणि त्या दगडांचा गोठा बांधला. धसकटं पेटवली. मग वरून खाली, उताराला सरळ, नांगराची लांबच लांब तासं मारली. लोक म्हणाले, काय सरळ नांगरट! हैबतराव मिशीवरून हात फिरवत उभे राहिले.

दुसऱ्या वर्षी हस्ताचा पाऊस आला. दुपारी जेवणं होतात न होतात तोच आभाळ काळं झालं आणि पाणी असं कोसळलं, की माणसाला स्वतःचा हात दिसेना. हैबतराव माळावर पळाले. पाहतात तर प्रत्येक तासाचा ओहळ झालेला. पाणी चहासारखं, मग काकवीसारखं, मग नुसतं काळं! माती निघाली होती. त्यांनी डोक्याचा पटका सोडून ओहळात आडवा धरला. पटका गेला. ते स्वतः ओहळात आडवे झाले. पाणी त्यांच्यावरून गेलं. "थांब गं! थांब गं माझे आई!" ते मातीला ओरडू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तिला आई म्हटलं, आणि ती चालली होती.

तेवढ्यात लोकांनी पाहिलं. ओढ्याच्या वळणावर, छातीइतक्या पाण्यात, पाटीवाले महाराज उभे! डोक्यावर पाटी तशीच, एक थेंब तिच्यात नाही. महाराजांनी मागं वळून हाक मारली, जशी गुराखी संध्याकाळी गायीला मारतो. "ये. ये गं बाई, ये."

आणि भाविकहो, ती आली! पुढे महाराज, मागं काळी माती, बांधावरून हैबतराव ठेचकाळत, रडत धावताहेत. ओढा सरळ नदीला जातो. तिकडे गेली असती तर समुद्रालाच मिळाली असती. पण महाराज करंजापाशी डावीकडे वळले. ओढाही वळला. ठकूबाईंनी रानाच्या कडेला घातलेला बांध एका जागी कुदळीनं फोडला आणि बाजूला झाल्या. पाणी धैंच्याच्या रानात शिरलं, दमलं, थांबलं. माती हळूहळू खाली बसली. बाळाला निजवल्यावर पांघरूण घालावं तशी ती पांढऱ्या जमिनीवर पसरली. पाणी चरातून निघून गेलं. माती राहिली, टाचेपासून गुडघ्यापर्यंत.

लोकांनी जयजयकार केला. ठकूबाई मात्र चिखलात बसून रडत होत्या. कुणी म्हणालं, "अहो, तुमची माती परत आली, रडता काय?" त्यांनी नुसतं वर बोट केलं. पाऊस उघडला होता आणि माळ दिसत होता. हाडं उघडी पडावीत तसा पांढरा खडक, वरपासून खालपर्यंत.

हैबतराव चिखलातून गुडघ्यांवर आले. अंगावर कापड धड नव्हतं. त्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. "महाराज, ते मीठ होतं. मला ठाऊक होतं. मी चाखलं होतं."

महाराज म्हणाले, "माझ्या नको, तिच्या पाया पड. तिनंही चाखलं होतं."

ताठ मानेचे हैबतराव वहिनीपुढे वाकले. ठकूबाई घाईनं मागं सरल्या. "उठा भावजी. चिखलात बसू नका असं."

"माळाचं काय करू, महाराज?" हैबतरावांनी विचारलं.

तेव्हा महाराजांना दया आली. त्यांनी हैबतरावांना हाताला धरून माळावर नेलं, उघड्या खडकावर उजवा हात ठेवला आणि म्हणाले, "ऊठ." आणि काय चमत्कार सांगावा, भाविकहो! दुसऱ्या दिवशी खडकातून कोंब फुटले, दिवाळीपर्यंत अख्खा माळ कमरेइतका हिरवा झाला, आणि हैबतरावांना त्यांचं...

"खोटं आहे हे."

मंडपात खांबाला टेकून कथा ऐकत बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. हौसाबाई मुळीक, हैबतरावांची धाकटी सून.

"शेत चालत आलं म्हणालात, मी गप्प बसले. ओढा वळला म्हणालात, तेबी ऐकून घेतलं. पण माळ हिरवा झाला न्हाई. मी त्याच घरात नांदले. महाराजांनी खडकावर हात ठेवला, आणि डोळे पुसून पाटी मामंजींच्या हातात दिली. एवढंच झालं. मामंजी त्यापुढं सव्वीस वर्षं रोज पाटी घेऊन माळावर जायचे. ऊन म्हणू नका, ताप म्हणू नका. ते वारले त्या वर्षी मी वर जाऊन बघितलं. परातीएवढी माती झाली होती. परातीएवढी. तेवढीच सांगा."